मचाणावरचा साहेब आणि माळ्यावरचा शेतकरी

ऐन रब्बीत रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडच्या कुठल्याही गावात शिवाराकडं निघालेला माणूस भेटतो. खांद्यावर घोंगडी, हातात बॅटरी आणि काठी. "कुठं चाललाव?" विचारलं की उत्तर एकच, "जागलीला." रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, रोही गहू-तूर तुडवतात, हरणांचा कळप कोवळी पिकं खुडून जातो. म्हणून हा माणूस रात्रभर शेतात माळ्यावर बसतो. कुणी त्याला माळा म्हणतं, कुणी माच, कुणी मचाण. चार खांब, वर फळ्या नाहीतर बाज, डोक्यावर ताडपत्री. नाही तर सरळ बांधावरच्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या दुबेळक्यात बांधलेलं बसायचं ठिकाण.

या मचाणाचा इतिहास मला आज सांगायचाय. "शिकार" आणि "मचाण" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टोपीवाला साहेब, दुनळी बंदूक आणि पायाशी पडलेला वाघ येतो. पण मचाण साहेबाचं नाही. ते आधीही शेतकऱ्याचं होतं आणि आताही त्याचंच आहे. मधल्या शे-दीडशे वर्षांत साहेबानं ते वापरलं. त्या काळात मचाणावर सुरक्षित कसं बसायचं याचं पक्कं शास्त्र तयार झालं. साहेब गेला, शिकार बंद झाली, आणि शास्त्रही विसरलं गेलं. शेतकरी मात्र अजून वर बसलेलाच आहे.

आधी शब्द बघा. मूळ संस्कृत "मंच". १८८६ साली इंग्रजांनी हिंदुस्थानी शब्दांचा एक मोठा कोश काढला, हॉब्सन-जॉब्सन. त्यात मचाण आहे, आणि सोबत "मंचान" हे दखनी रूपही दिलंय. दखनी म्हणजे आपल्या हैदराबाद-बिदर-नांदेड पट्ट्यातली बोली. अर्थ देताना वाघावर नजर ठेवायचा माळा तर सांगितलाच, पण शेत राखायचा माळा हाही अर्थ सांगितलाय. म्हणजे कोश करणाऱ्या इंग्रजांनाही ठाऊक होतं की हा प्रकार आधी कुणब्याच्या रानातला आहे.

त्याच्याही मागं जायचं तर आपल्या मराठवाड्यातल्या पैठणची गाथासप्तशती आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या या प्राकृत संग्रहात शेत राखणाऱ्या पोरीबाळी येतात. आणि लातूरच्या शेजारी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा प्रचंड ग्रंथ केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचं स्वतंत्र प्रकरण आहे. शेत राखणं हे पोटासाठी आणि शिकार ही करमणुकीसाठी, हा फरक इतका जुना आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांचा भूगोल लक्षात घ्या. लातूर म्हणजे उघडं पठार. औसा, निलंगा, चाकूर, कुठंही उभं राहा, नजर पोचेल तिथपर्यंत काळं रान. इथं दाट जंगल नव्हतं, त्यामुळं झाडावर बसून वाघ मारायचा प्रकार फारसा नाही. इथलं मचाण ज्वारीतलं. कणसात दाणा भरला की पोरं माळ्यावर चढायची आणि गोफण फिरवत पाखरं राखायची. नांदेडचं उत्तरेचं टोक मात्र वेगळं. किनवट, माहूर, इस्लापूर, पैनगंगेच्या काठचा सागाचा पट्टा. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हे नव्या पिढीला माहीतही नसेल. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा तांड्यांचा हा मुलूख. खरी शिकारीची मचाणं या भागात लागायची.

निजामी राजवटीत शिकार ही मोठ्या लोकांची प्रतिष्ठा होती. सहावा निजाम मीर महबूब अली खान (राज्यकाळ १८६९ ते १९११) वाघाच्या शिकारीचा नादी म्हणून प्रसिद्ध. त्याचा दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यानं शिकारीचे फोटो काढून ठेवलेत. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन निजामाच्या मुलखात वारंगळकडं शिकारीला आला, त्याचेही फोटो दीनदयाळनंच काढले. फोटो अप्रतिम आहेत. पण त्यात वाघ कुणी मारला हे कळतं, वाघ मचाणापर्यंत कुणी आणला हे कळत नाही.

तो आणायचे हाकारे. हाक्याची पद्धत अशी. आदल्या रात्री रेडकू बांधायचं. वाघानं ते मारलं की पोट भरून तो जवळच्याच झाडीत झोपणार, हे ठरलेलं. मग सकाळी शे-दोनशे माणसं अर्धगोल करून ढोल, डबे, आरोळ्या यांनी रान उठवायची आणि वाघाला मचाणाकडं ढकलायचं. बाजूनं तो निसटू नये म्हणून मध्ये मध्ये झाडांवर माणसं बसवायची. त्यांच्याजवळ बंदूक नाही, पाठीला फळी नाही. फांदी धरून बसायचं आणि वाघ जवळ आला की खोडावर टकटक करून त्याला वळवायचं. साहेब पंधरा फुटांवर बांधलेल्या मचाणात, आणि ही माणसं जमिनीवर नाहीतर उघड्या फांदीवर.

हे सगळं राजीखुशीनं होत होतं असं समजू नका. हैदराबाद संस्थानात वेठबिगार चालायची. अधिकारी दौऱ्यावर आला की गावानं गाड्या, कोंबड्या, दूध आणि माणसं पुरवायची. शिकार म्हणजे त्याच दौऱ्याचा एक भाग. ज्या जंगलात गोंड-कोलामांच्या कुऱ्हाडीला आणि नांगराला बंदी येत गेली, त्याच जंगलात साहेबाच्या हाक्याला त्यांनीच जायचं. १९४० मध्ये आदिलाबादच्या डोंगरात कुमराम भीम लढून मेला, त्यामागं जल-जंगल-जमिनीचाच प्रश्न होता. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं, हे पुन्हा सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मचाण म्हणजे सुरक्षिततेची जागा, आणि त्या काळात सुरक्षितता वाटली जायची ती हुद्द्याप्रमाणं. मचाण बांधणारा वेगळा, त्यावर बसणारा वेगळा.

पण बांधणाऱ्याचं ज्ञान अव्वल होतं, हे मान्य करावंच लागेल. कुमाऊँचा जिम कॉर्बेट आपल्याकडं सगळ्यांनी वाचलेला असतो. १९१० साली पनारच्या नरभक्षक बिबट्यासाठी तो एका खुज्या, कलत्या ओकच्या झाडावर बसला. बिबट्याला झाडावर चढता येतं, म्हणून त्यानं काटेरी झुडपाच्या लांब फांद्या खोडाभोवती आणि आपल्या दोन्ही बाजूंनी दोरीनं घट्ट बांधून घेतल्या. रात्री बिबट्या आला. समोर बांधलेली शेळी सोडून तो आधी त्या काट्याच्या फांद्याच खाली ओढू लागला. त्याला झाडावरचा माणूस हवा होता. दोरीची गाठ नीट होती म्हणून कॉर्बेट वाचला. बंदूक किती भारी होती याचा त्यात काही संबंध नाही.

त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. बिबट्याला गोळी लागली, पण मेला की नाही ते कळेना. गावातली माणसं मशाली घेऊन आली आणि अंधारातच शोध सुरू झाला. जखमी बिबट्यानं झेप घेतली, माणसं मशाली टाकून पळाली. जमिनीवर पडलेल्या मशालींच्या उजेडात कॉर्बेटनं शेवटची गोळी झाडली. तिथं नशीब आडवं आलं. म्हणूनच जुन्या शिकाऱ्यांचा नियम होता की रात्री मचाणावरून उतरायचं नाही. जनावर मेलंय असं वाटलं तरी उजाडल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही.

असे आणखी नियम होते. मचाण दिवसा उजेडी बांधायचं, संध्याकाळी घाईत नाही. वाळलेल्या फांदीवर भार टाकायचा नाही. बाज उलटी करून चारी पाय फांद्यांना बांधायची, म्हणजे कड वर राहते आणि झोपेत माणूस घरंगळत नाही. भरलेली बंदूक घेऊन झाडावर चढायचं नाही. आधी माणूस चढणार, मग रिकामी बंदूक दोरीनं वर ओढणार, मग ती भरणार. उतरताना हेच उलट. झोप येणारच हे धरून चालायचं आणि स्वतःला खोडाशी बांधून घ्यायचं.

यातला एक तरी नियम वाघासाठी आहे का बघा. काटे आणि उंची सोडली तर बाकी सगळं पडण्यासाठी, झोपेसाठी आणि स्वतःच्याच बंदुकीसाठी आहे. वर बसलेल्या माणसाचा खरा शत्रू खाली फिरणारं जनावर नसतं. उंची, अंधार आणि डुलकी हे त्याचे शत्रू.

अमेरिकेत हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे आणि लाखो लोक झाडावरच्या मचाणात बसून ती करतात. तिथं शिकारीचं प्रशिक्षण देताना पहिली गोष्ट हीच सांगतात. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत अंगात पट्टा आणि तो झाडाला बांधलेला. शिडीवर दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, असे तीन टेकू कायम. हत्यार नंतर दोरीनं वर. म्हणजे आपल्या हाकाऱ्यांच्या आज्याला जे माहीत होतं तेच. फरक एवढाच की तिथं ते लिहून ठेवलं आणि शिकवलं.

आपल्याकडं काय झालं? १९४८ ला संस्थान गेलं. वेठ गेली, ते बरंच झालं. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये देशभर बंदी आली, १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली. आणि हे स्पष्ट सांगतो, बंदी योग्यच आहे. त्या कायद्यात शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच मानली जाते. बंदूक किंवा फासे घेऊन रात्री मचाणावर बसणं हा गुन्हा आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी पारध करायची परवानगी आपल्या राज्यात २०१५ पासून वनखात्याकडून रीतसर अर्ज करून मिळू शकते, पण ती लेखी परवानगी आहे. "आमच्या शेतात आलं म्हणून मारलं" हे कोर्टात चालत नाही.

शिकारीचं मचाण गेलं. राज्यातल्या अभयारण्यांत ते बुद्धपौर्णिमेला तेवढं दिसतं. चांदण्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायला शहरातली माणसं येतात. त्यांच्यासोबत वनरक्षक असतो, सूचना असतात, रात्री खाली उतरू नका असं बजावलेलं असतं. एका रात्रीच्या पाहुण्यासाठी इतकी काळजी, आणि ती घ्यायलाच हवी.

मग वर्षातल्या शंभरेक रात्री माळ्यावर काढणाऱ्या शेतकऱ्यासाठी कोण सूचना देतं? कुणीच नाही.

त्याची गरजही बदललीय. पूर्वी ज्वारी होती, राखण दिवसाची होती, पाखरांपासून होती आणि माळ्यावर पोरं असायची. आता सोयाबीन, हरभरा, ऊस, मका. राखण रात्रीची आणि डुकरांपासून. पोरं पुण्याला, म्हणून माळ्यावर साठीचा बाप. त्यात कृषिपंपाची वीज अनेकदा रात्रीच मिळते, म्हणून पाणी धरायचं आणि राखायचं दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर. अशा माणसाला पहाटे तीनला डुलकी येणार नाही तर काय होणार?

जंगलही जवळ आलंय. टिपेश्वरहून निघालेला गळ्यात पट्टा असलेला वाघ २०१९ मध्ये किनवटच्या जंगलातून, तेलंगणातून फिरत शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जगभर बातमी झाली. पण त्या वाटेवर शेकडो शेतांत माणसं जागलीला बसलेली होती आणि वाघानं बहुतेक ठिकाणी कुणाच्या वाटेला न जाता आपली वाट धरली, हेही लक्षात ठेवा. वाघाची भीती बाळगावी, पण माळ्याची त्याहून जास्त बाळगावी.

साधं गणित करा. तीन मीटर म्हणजे दहा फूट उंची. तिथून पडल्यावर जमिनीला लागायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि आदळताना वेग ताशी २८ किलोमीटर असतो. झोपेतल्या माणसाला हात पुढं करायलाही सवड नाही. मान, मणका, कंबर, खुबा, यातलं काहीही जातं. आणि हे घडतं रात्री, गावापासून दूर, एकटं असताना.

माळ्यावरून पडलेल्याची बातमी होत नाही. बिबट्यानं ओरखडलं तर पहिल्या पानावर येते. पडलेला माणूस दवाखान्यात जातो, कर्ज काढतो आणि अंथरुणाला खिळतो. गावात म्हणतात, "जागलीला गेला व्हता, पडला." विषय संपला.

इथं एक कामाची माहिती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का यांच्यासोबत उंचावरून पडून झालेला अपघातही येतो. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक जण यात बसतो. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. दुःखात हे ३० दिवस निघून जातात. म्हणून पंचनामा त्याच दिवशी करून घ्या आणि त्यात "माळ्यावरून पडून" हे शब्द स्पष्ट येऊ द्या. आणि हेही ऐका, दारू पिऊन झालेल्या अपघाताला ही मदत मिळत नाही.

पैसे मिळण्यापेक्षा माणूस राहणं महत्त्वाचं. म्हणून जुन्या नियमांची आजच्या भाषेत उजळणी करतो.

१. दर हंगामाला माळा नव्यानं तपासा. लाकडाचा खांब वरून टणक दिसतो आणि जमिनीलगत वाळवीनं पोखरलेला असतो. तिथं कुऱ्हाडीची मुंढी मारून आवाज ऐका. जुनी सुतळी आणि उन्हानं कडक झालेली प्लास्टिकची दोरी फेकून द्या.

२. तिन्ही बाजूंनी कठडा हवाच. बसल्यावर छातीपर्यंत येईल इतका. चौथ्या बाजूला शिडी, आणि शिडी वरून-खालून बांधलेली.

३. बांधकामावर वापरतात तसा छाती आणि मांड्यांना धरणारा पट्टा बाजारात मिळतो. एका फवारणीच्या औषधाएवढा खर्च आहे. नुसता कमरेला दोर नको, पडल्यावर तो पोटात रुततो. दोर वरच्या मजबूत खांबाला आणि आखूड ठेवा.

४. चढताना हातात काही नको. बॅटरी गळ्यात, बाकी सगळं पिशवीत घालून दोरीनं वर ओढा.

५. लोखंडी पाइपचं मचाण विजेच्या तारेखाली किंवा जवळ उभं करू नका. उभं करताना उंच पाइप तारेला लागतो आणि सगळं संपतं. आणि डुकरासाठी कुंपणात करंट सोडणं तर नकोच. त्या तारेला डुकराच्या आधी माणूस चिकटतो. बऱ्याचदा घरचाच.

६. ढग गडगडले की खाली. मोकळ्या रानात उंच माळा आणि एकटं झाड ही वीज पडण्याची ठिकाणं आहेत. पुण्याच्या हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप मोबाइलवर ठेवा.

७. माळा धोक्याचा म्हणून जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरतो आणि बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्याला चावतो. वर बसणं बरोबरच आहे, नीट बसायला हवं.

८. जनावर आलं तर वरूनच आवाज, डबा, बॅटरी. अंधारात त्याच्या मागं उतरू नका. हा नियम शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि एका शब्दानंही जुना झालेला नाही.

९. शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांनी पाळ्या लावा. दर दोन तासांनी एकमेकांना हाक किंवा फोन. कुणी पडलाच तर ओढून उचलू नका. मान आणि पाठ न हलवता फळीवर घ्या आणि १०८ ला फोन लावा.

माझी मागणी मोठी नाही. ग्रामसभेत या विषयावर दहा मिनिटं द्या. कृषी सहायक आणि वनरक्षक यांनी हंगामाच्या आधी गावात येऊन माळे बघावेत. सौर कुंपणाच्या अनुदानाचे अर्ज वेळेत मार्गी लागले तर अर्ध्या लोकांना जागलीला जायची वेळच येणार नाही.

एके काळी साहेबाचं मचाण घट्ट बांधलंय ना हे बघायला अख्खं गाव कामाला लागायचं. आज माळ्यावर आपलाच माणूस आहे. त्याची गाठ कोण तपासतंय?

तुमच्या गावात माळ्याला काय म्हणतात आणि तो कसा बांधतात, कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि घरातलं कुणी जागलीला जात असेल तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा.